सांडपाण्यावरचे रंग : घराभोवतीच्या फुलझाडांविषयी प्रस्तावना

घराभोवती रंगीत फुलझाडे लावणे हा विषय सामान्यतः आवडीनिवडीचा समजला जातो, आणि म्हणून त्यावरील बहुतेक पुस्तके रोपांच्या यादीपासून सुरू होतात. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशीसारख्या गावात मात्र यादीच्या आधी पाण्याचा हिशेब येतो. कारण उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खोल गेले की घरात आलेली घागर आधी पिण्यास, मग स्वयंपाकास, गुराढोरांस आणि धुण्याभांड्यांस अशा उतरत्या क्रमाने वाटली जाते, आणि या क्रमात फुलझाडाची पाळी अगदी शेवटी, म्हणजे वापरून झालेल्या पाण्यावर येते. अंगणातील रंग हा याच शेवटच्या पाण्याचा परिणाम असतो, अशी प्रस्तुत विवेचनाची भूमिका आहे. कोणत्या महिन्यात कोणता रंग दिसेल, हे लावणाऱ्याच्या हौसेपेक्षा पावसाने, मातीने, दिवसाच्या लांबीने आणि मोरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याने अधिक ठरते; हौस या चौघांशी जुळवून घेते तेव्हाच ती टिकते. शहरी रोपवाटिकेतून पौषात आणलेली पिटुनियाची कुंडी फाल्गुनात रिकामी होते आणि तिच्याशेजारी कोणी न लावलेली सदाफुली वैशाखातही फुलत राहते, याचा उलगडा आवडीच्या भाषेत करता येत नाही.

मेडशी हे गाव अकोला-वाशीम रस्त्यावर, पातूर आणि मालेगाव यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात वसलेले आहे. भोवतालचे वन शुष्क पानझडी प्रकारचे, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी पाने गाळून पाण्याचा खर्च थांबवणाऱ्या वृक्षांचे आहे. साग, सालई, धावडा आणि पळस ही त्यातील ओळखीची झाडे. पाऊस वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. जमीन दख्खनच्या काळ्या खडकाची: सखल भागात भेगाळणारी भारी काळी माती, तर उतारावर बरड, म्हणजे मुरमावर वीतभरही माती नसलेली हलकी जमीन. वऱ्हाडातील जुन्या पद्धतीच्या घराला पुढे अंगण आणि मागे परस असतो, आणि हा भेद फुलझाडांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अंगणात तुळशीवृंदावन आणि देवाची फुले, परसात सांडपाण्याची झाडे, अशी वाटणी कोणी शिकवलेली नसली तरी बहुतेक घरी आढळते. तीत पावित्र्याची कल्पना आहे हे खरे. पण मोरीचा उतार मागच्या बाजूला असतो, हे कारणही तितकेच खरे मानावे लागते.

या प्रदेशातील घरबागेचा इतिहास शोधू गेल्यास एक चमत्कारिक योग हाती लागतो. आजचे वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगराला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले असून काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाहही तेथेच लावला आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तही वत्सगुल्मचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथात गृहिणीच्या कर्तव्यांचे वर्णन करताना तिने घराजवळच्या बागेत कोणती फुलझाडे लावावीत याची यादी दिलेली आहे. तीत मल्लिका, जाती, नवमालिका, कुरंटक, तगर आणि जपा ही नावे आहेत. म्हणजे मोगरा, जाई, मोगऱ्याच्याच कुळातील एक वेल, कोरांटी, तगर आणि जास्वंद. ही यादी भाजीपाल्याच्या वाफ्यांलगत येते, याकडे सहसा लक्ष जात नाही. फुले आणि भाज्या एकाच हाताने, एकाच पाण्यावर वाढवण्याची कल्पना तिच्यात गृहीत आहे.

परंतु त्या यादीचे खरे महत्त्व तिच्यात काय नाही, यात आहे. जास्वंदाचा तांबडा आणि कोरांटीचा पिवळा वगळला तर ती जवळजवळ संपूर्ण पांढरी आणि सुगंधी आहे. प्राचीन अंगण प्रामुख्याने वासाचे होते आणि त्यातील फुले वेणीत, गजऱ्यात वा पूजेच्या तबकात जाऊन हुंगली जाण्यासाठी होती. कण्हेर, तेरडा, अबोली, गोकर्ण यांसारखी रंगीत फुलेही या भूमीत होतीच. तरीही आज ‘रंगीबेरंगी अंगण’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्यातील निम्म्याहून अधिक रंग सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गे आलेले आहेत. झेंडू, झिनिया आणि डेलिया मेक्सिकोतील. गुलबक्षी, कर्दळ, देवचाफा आणि बोगनवेल उष्ण अमेरिकेतील. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करमधील. अ‍ॅस्टर आणि शेवंती चीनकडील. ज्या झेंडूवाचून दसऱ्याचे तोरण पुरे होत नाही, तो वाकाटकांच्या राजधानीत कोणी पाहिलेला नव्हता. मेक्सिकोत हेच फूल नोव्हेंबरच्या प्रारंभी मृतांच्या स्मरणासाठी वाहिले जाते, तर इथे ते दारावर, नांगरावर, ट्रॅक्टरवर आणि मोटारसायकलच्या हँडलवर चढते. मोठ्या फुलाच्या झेंडूला बाजारात ‘आफ्रिकन’ आणि बुटक्याला ‘फ्रेंच’ म्हणण्याची पद्धत आहे. दोन्ही मेक्सिकोकडचेच असल्याने ही नावे केवळ मधल्या मुक्कामांची आठवण ठेवतात.

परकेपणाचा हा शोध कोणाला खटकण्याचे कारण नाही, कारण मराठी भाषेने या फुलांना कधीच घरात घेतले आहे. बोगनवेल हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण होय: बुगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेत फिलिबेर कोमेर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वनस्पती गोळा केली आणि तिला आपल्या कप्तानाचे नाव दिले, मराठी कानाने त्या नावाच्या शेपटात ‘वेल’ ऐकली आणि नाव इतके बेमालूम बसले की त्यात माणूस दडला आहे याची शंकाही येत नाही. याच्या उलट दिशेने फुलांनी भाषेला रंग दिले. गुलाबी, गुलबक्षी, अबोली, जास्वंदी ही रंगनावे लुगड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांत वापरली जातात, आणि ती नेमकी असतात. गुलबक्षी म्हटल्यावर ऐकणाऱ्याला किरमिजी आणि जांभळ्याच्या मधली एक ठरावीक छटा दिसते, जिच्यासाठी मराठीत दुसरा शब्द शोधावा लागतो. वऱ्हाडात तर ‘फुलोरा’ हा शब्दच फुलांपासून सुटून स्वयंपाकघरात गेला आहे, कारण भाद्रपदातील महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगला जाणारा फुलोरा हा करंज्या-पुऱ्यांसारख्या तळलेल्या पदार्थांचा असतो.

आता रंग म्हणजे नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे, कारण लागवडीच्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. फुलांचे रंग मुख्यतः तीन प्रकारच्या रंगद्रव्यांमुळे येतात. पहिले कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला आणि झेंडूला पिवळा ते नारिंगी रंग देणारी तेलात विरघळणारी द्रव्ये; झेंडूतील ल्युटीन हे यांपैकीच असून ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले की अंड्याचा बलक गडद होतो. दुसरे अँथोसायनिन, म्हणजे पाकळीच्या पेशीतील रसात विरघळलेली आणि त्या रसाच्या आम्लतेनुसार तांबड्यापासून निळ्यापर्यंत बदलणारी द्रव्ये. गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकून त्यावर लिंबू पिळले की निळे पाणी जांभळे-गुलाबी होते, ते यामुळे. तिसरा प्रकार बीटालेनचा, म्हणजे बीटाच्या रंगाच्या जातीचा, आणि तो वनस्पतींच्या एका गटापुरताच मर्यादित आहे. ज्या वनस्पतीत बीटालेन असते तीत अँथोसायनिन आढळत नाही, हा निसर्गाचा एक अद्याप पूर्ण न उलगडलेला नियम आहे.

मेडशीच्या दृष्टीने या तिसऱ्या प्रकाराला विशेष महत्त्व आहे. बोगनवेल, गुलबक्षी, कोंबडा आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमलते म्हणून ‘ऑफिस टाइम’ असे गमतीचे नाव मिळालेली जाड पानांची बुटकी वनस्पती, ही चारही बीटालेनच्या गटातील आहेत आणि ती चारही कडक ऊन व तुटपुंजे पाणी सोसणारी आहेत. रंगद्रव्य हे त्या काटकपणाचे कारण आहे, असे यावरून ठरत नाही. पण अंगणात उभे राहून पाहणाऱ्याला भर उन्हातला किरमिजी रंग बहुधा याच गटाचा आढळेल. पांढऱ्या फुलात तर रंगद्रव्य दिसण्याजोगे नसतेच: पाकळीच्या पेशींमधील हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो आणि पांढरेपणाचा भास होतो. मोगऱ्याची पाकळी बोटात चुरगाळली की ती पाण्यासारखी पारदर्शक होते, याचे कारण तिच्यातील हवा निघून जाते.

बोगनवेलीच्या बाबतीत आणखी एक खुलासा करावा लागतो. तिचा जो भाग रंगीत दिसतो तो फूल नव्हे. ते छद, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारे पान होय, आणि खरे फूल म्हणजे त्या तीन रंगीत पानांच्या मध्ये असलेली बारीक पांढुरकी नळी. हा तपशील निव्वळ पुस्तकी नाही. पाकळी नाजूक आणि अल्पायुषी असते, छद कागदासारखा चिवट असतो. त्यामुळे बोगनवेलीचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि वेलीला मुबलक पाणी मिळाल्यास ती हिरवीगार वाढत राहून रंग धरायचे टाळते. पाणी तोडल्याने बहर येणारे झाड पाणी तुटणाऱ्या गावाला मिळावे, हा योग वऱ्हाडाने दोन्ही हातांनी स्वीकारला आहे.

रंग माणसासाठी नसतात, हे वनस्पतिशास्त्रातील प्राथमिक सत्य येथे थोडक्यात नोंदवून पुढे जाता येईल. मधमाशीला रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. तिला जांभळ्यापलीकडचा, माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो, परंतु शुद्ध तांबडा मात्र काळसर वाटतो. तांबडी आणि नारिंगी नळीदार फुले म्हणूनच पक्ष्यांची, आणि पळसाला बहर आला की शिंजीरांची गर्दी तेथे होते; पांढरी व रात्री वास सोडणारी फुले पतंगांची. ज्या घरी परसात भोपळा, दोडका, कारले यांचे वेल असतात त्या घरी कुंपणालगत झिनिया, गेलार्डिया वा झेंडूची ओळ असल्यास माश्यांची ये-जा वाढते आणि फळधारणेस साहाय्य होते. एकेरी पाकळ्यांची फुले यासाठी अधिक उपयोगी, कारण अति भरगच्च फुलात परागापर्यंत माशी पोहोचू शकत नाही.

फुलांचे वर्ष हे पंचांगाचे वर्ष असते, आणि मेडशीत ते मृगापासून, म्हणजे ७ जूनच्या सुमारास मोजले जाणे स्वाभाविक आहे. पहिल्या दमदार पावसानंतर टाकलेला तेरडा दोन महिन्यांत, श्रावण-भाद्रपदात फुलतो. त्याची पिकलेली बोंडे बोट लागताच फुटून बी उडवतात, त्यामुळे एकदा लावलेला तेरडा पुढच्या वर्षी आपली जागा आपणच निवडतो. गुलबक्षीचे तर बीही टाकावे लागत नाही, कारण तिचे जमिनीतील कंद उन्हाळाभर निद्रिस्त राहून पावसाच्या वासानिशी फुटतात. झेंडूचे गणित मात्र चुकवून चालत नाही. बी टाकल्यापासून पहिल्या फुलापर्यंत साधारण दोन महिने लागतात, आणि शेंडा खुडल्यास, म्हणजे रोप वीतभर झाल्यावर मधला कोंब काढून बाजूच्या फांद्यांना वाव दिल्यास, फुले वाढतात पण आठ-दहा दिवस मागे पडतात. दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस तर कधी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात येत असल्याने पेरणीची तारीख दरवर्षी दसऱ्यावरून उलटी मोजावी लागते. सोयाबीनची कापणी आणि झेंडूची तोडणी एकाच पंधरवड्यात येते, हे या जिल्ह्यातील कोणालाही सांगावे लागत नाही.

सोयाबीनचा उल्लेख येथे ओघाने आला असला तरी तो शेवंतीच्या चर्चेला उपकारक आहे. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांवरील प्रयोगांतून असे दाखवले की काही वनस्पती उष्णतेवरून वा वयावरून नव्हे, तर दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. या गुणाला प्रकाशावधीयता म्हणतात. शेवंती ही अशीच ‘लघुदिन’ वनस्पती आहे, म्हणजे रात्र पुरेशी लांबल्यावाचून ती कळी धरत नाही. मेडशीच्या अक्षांशावर, विषुववृत्तापासून सुमारे २० अंश उत्तरेस, सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान ११ तासांहून किंचित कमी असतो. हा फरक माणसाला जाणवतो न जाणवतो, पण शेवंतीला तो पुरतो आणि कार्तिक-मार्गशीर्षात तिचा पिवळा-पांढरा बहर येतो. रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात लावलेली शेवंती गुडघाभर वाढूनही फुलत नाही, तेव्हा दोष खताला किंवा कोणाच्या नजरेला दिला जातो. कुंडी चार हात अंधारात सरकवणे हा त्यावरचा उपाय असतो. बहर संपल्यावर बुंध्याशी येणाऱ्या काश्या, म्हणजे मुळाजवळून फुटलेली कोवळी रोपे, सावलीत जगवणे एवढेच उन्हाळ्यातील काम, आणि तेच सर्वांत अवघड.

माघानंतर अंगण उतरणीला लागते आणि रंग डोंगरावर जातो. फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो, त्याच्या फुलांचा उकळून काढलेला केशरी रंग रंगपंचमीला वापरण्याची चाल जुनी आहे. बहावा आणि गुलमोहर मागाहून येतात. ही सर्व झाडे दूरवर पोचणाऱ्या मुळांची, आणि म्हणून उन्हाळ्यात फुलण्याची ऐपत असलेली. अंगणातल्या वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात जगून मरणाऱ्या रोपांना ती ऐपत नसते. त्या काळात बोगनवेल, सदाफुली, कण्हेर आणि मधुमालती एवढ्यांचाच आधार असतो. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलून पुढील एक-दोन दिवसांत गुलाबी आणि मग तांबडे होत असल्याने एकाच घोसात तीन रंग फुकट मिळतात.

पाण्याकडे पुन्हा वळायचे तर सांडपाणी हा एकजिनसी पदार्थ नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी निर्धोक असते आणि ते कोणत्याही कुंडीला चालते. आंघोळीच्या पाण्यात साबण थोडा असतो. पण कपड्यांच्या धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार अधिक असतात आणि ते काळ्या मातीत साचले की तिचे कण परस्परांपासून सुटून माती घट्ट, चिकट आणि निचऱ्याला नालायक होते. मोरीच्या तोंडाशी कर्दळ लावण्याची जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. कर्दळीला ओल सतत हवी असते, क्षार ती बऱ्यापैकी सोसते, आणि तिचे तांबडे-पिवळे झुबके जवळजवळ वर्षभर येतात. तिच्यामागे अळू किंवा केळ, आणि त्यांच्यातून झिरपून पुढे गेलेले पाणी जास्वंदाला, अशी उतरंड परसात केल्यास एकाच बादलीचे तीन वेळा काम होते. धुण्याचे पाणी मात्र दररोज एकाच आळ्यात सोडू नये.

काळ्या मातीचा दुसरा गुण म्हणजे तिच्यातील चुनखडी. अशा मातीचा सामू, म्हणजे आम्लता किंवा विम्लता दाखवणारा अंक, सातच्या वर, अनेकदा आठच्या आसपास असतो. तेथे लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि जास्वंद, गुलाब, मोगरा यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडले असे समजून अधिक पाणी घातल्याने हे दुखणे वाढते, कारण तुंबलेल्या काळ्या मातीत मुळे गुदमरतात. मातीत एक हिस्सा पोयटा वा नदीचा गाळ, थोडा बारीक मुरूम आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळणे हा मूळ उपाय. हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम विरघळवून पानांवर फवारणे हा तात्पुरता. बरड जमिनीवर राहणाऱ्यांना भारी जमिनीचा हेवा वाटतो, पण फुलझाडांपुरते पाहिल्यास मुरमाचा निचरा ही मोठीच देणगी आहे. मावा आणि पिठ्या ढेकूण यांवर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क, म्हणजे पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळलेले पाणी, पुरेसा ठरतो. त्यासाठी पावसाच्या तोंडावर निंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवण्याची तसदी घ्यावी लागते, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही.

गावातील फुलबागेच्या रचनेवर पाण्याइतकाच अधिकार आणखी एका घटकाचा आहे, आणि ग्रंथांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो: तो म्हणजे शेळी. कुंपण नसलेल्या अंगणात शेळी दररोज परीक्षा घेते. गुलाब, जास्वंद आणि अ‍ॅस्टर तीत अनुत्तीर्ण होतात, तर कण्हेर, सदाफुली आणि रुई यांच्याकडे ती सहसा तोंड फिरवते, कारण तिन्हींत विषारी द्रव्ये आहेत. सदाफुलीतील अशाच द्रव्यांपासून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधे सिद्ध झाली. कण्हेरीतील द्रव्य हृदयावर घातक परिणाम करते, म्हणून लहान मुले खेळतात अशा ठिकाणी ती लावू नये. रस्त्याकडेच्या अंगणांत हीच झाडे अधिक दिसतात यामागे सौंदर्यदृष्टी कमी आणि शेळीची निवड अधिक आहे.

बियाणे हा विषय पुढील विवेचनात विस्ताराने यायचा असल्याने येथे एकाच मुद्द्याकडे लक्ष वेधणे पुरे. संकरित, म्हणजे दोन भिन्न शुद्ध वाणांच्या मीलनातून मिळवलेल्या बियाण्याची फुले पहिल्या पिढीत एकसारखी आणि मोठी येतात, परंतु त्यांचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी नाना प्रकारची झाडे देते. या वाटणीचा नियम ज्या वनस्पतींवर अभ्यासला गेला त्यांत गुलबक्षी प्रमुख आहे: कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवले की तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीची संतती गुलाबी होते, आणि त्या गुलाबींच्या पोटी पुन्हा तांबडी, गुलाबी व पांढरी अशी तिन्ही जन्मतात. गावातील ज्या स्त्रिया शेजारणीकडून गुलबक्षीच्या काळ्या बिया मागून आणतात आणि ‘तुमच्याकडे पिवळी होती, आमच्याकडे ठिपक्याची कशी आली’ असे विचारतात, त्यांचा प्रश्न कोरेन्सच्या प्रश्नाहून वेगळा नाही. अंगणातील फुलझाडांची राखण, बियांची देवघेव आणि पाण्याची वाटणी ही सर्व कामे बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतात, तरी सरकारी उपक्रमांत परसबाग म्हणजे पोषणाची, भाजीपाल्याची बाग, असाच अर्थ रूढ झाला आहे. पोषणाला अग्रक्रम मिळणे रास्तच आहे. परंतु झेंडूच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये सूत्रकृमींना, म्हणजे वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूक्ष्म किड्यांना, रोखतात हे लक्षात घेता वाफ्याच्या कडेची फुलांची ओळ ही चैन म्हणून खोडण्याजोगी नाही.

शेवटी एका वगळलेल्या वनस्पतीविषयी खुलासा करणे भाग आहे. या प्रस्तावनेत ज्या कसोट्या पुन्हा पुन्हा आल्या, त्या सर्वांवर सर्वांत वरचा क्रमांक मिळवणारे झाड येथील एकाही यादीत आढळणार नाही. ते पाणी मागत नाही, बरड जमिनीवर वाढते, शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही, ते जवळजवळ बारमाही फुलते, आणि त्याच्या एकाच गुच्छात पिवळा, नारिंगी व तांबडा रंग शेजारीशेजारी असतात, कारण माशी येऊन गेली की फूल आपला रंग बदलते. हे झाड म्हणजे रायमुनिया. अन्यत्र त्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. उष्ण अमेरिकेतील ही झुडपे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बागेची आणि कुंपणाची शोभा म्हणून भारतात आली, त्यांची काळी रसाळ फळे पक्ष्यांनी खाल्ली, आणि बिया कुंपणापलीकडे गेल्या. मेडशीभोवतीच्या डोंगरांवर सागाच्या आणि पळसाच्या बुडाशी आज जे काटेरी गचपण दिसते, त्यात गवत उगवत नाही आणि गुरांना चरायला जागा राहत नाही. ते तोडून उपटण्याचे काम वनविभागाला पुन्हा पुन्हा हाती घ्यावे लागते, आणि पहिल्या पावसानंतर उरलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटते.